तिसऱ्या पिदेनची हजेरी

११ जुलै, मंगळवार

नाही, मला समुद्राची आठवण येत नाही. कुणी विचारलेलं नाही, पण विचारतील म्हणून आधीच सांगून ठेवतो. समुद्र दारासमोर आहे. तालकावानो बंदरात राहणाऱ्या माणसाला समुद्राची आठवण यायची म्हणजे घरातल्या सुनेची आठवण आल्यासारखं झालं. दिसतेच की रोज. तोंड फुगवून.

ही वही आरमाराने दिली. जाड पुठ्ठा, वर नांगर छापलेला. लेफ्टनंट ओसांदोन म्हणून एक तरुण अधिकारी येऊन गेला. बूट माझ्या ताटल्यांपेक्षा स्वच्छ. म्हणाला, "डॉन अनाक्लेतो, दुसऱ्या पिदेन जहाजावरचे जिवंत असे तुम्ही एकटेच उरलात. त्या पहाटेचं जसं आठवेल तसं लिहून द्या. नव्या जहाजावर काचेच्या पेटीत ठेवू."

मी म्हटलं, "मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. त्यातलं एक वर्ष कांजिण्यांत गेलं."

"भाषेची काळजी करू नका."

भाषेची काळजी कोण करतंय.

सात ऑगस्टला तिसरी पिदेन आरमारात दाखल होणार. एकावन्न वर्षांपूर्वी त्याच तारखेला आमची बुडाली. मी व्यासपीठावर बसायचं आणि घंटा वाजवायची. एवढंच काम, पण नेलिदाने टेकडीवरच्या सगळ्या वस्तीला सांगून ठेवलंय. नेलिदा माझी मुलगी. मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात मुकादम आहे. घरी येऊनही तेच करते.

आज एवढं पुरे. त्या पहाटेचं उद्या.

१३ जुलै, गुरुवार

रात्रभर वारा. सकाळी आउरिस्तेलाच्या छपराचा पत्रा फडफडत होता तो ठोकून आलो. सहा खिळे लागले. तिची गॅसची टाकीही वर नेऊन दिली.

नेलिदा म्हणाली, "आईला जाऊन चार वर्षं झाली, बाबा. आता सरळ विचारून टाक तिला. पत्रे ठोकून ठोकून हात दुखले असतील."

"तिचं घर वाटेत पडतं म्हणून जातो."

"आपल्या घराच्या वर त्र्याहत्तर पायऱ्या. कुठल्या वाटेत?"

या पोरीला नको तिथे मोजमाप लागतं.

आउरिस्तेला पायऱ्यांच्या वळणावर भोपळ्याच्या पुऱ्या तळून विकते. तिचा नवरा नेमेसिओ वेंचुल माझ्याबरोबर पिदेनच्या बॉयलरवर होता. लग्नाला तीन महिने झाले होते. जहाज बुडालं तेव्हा तो कागदोपत्री रजेवर, किनाऱ्यावर. नंतर कामावर आलाच नाही. आरमाराने पळपुटा म्हणून लिहून टाकलं. टेकडीने त्यात अर्जेंटिनातली एक बाई घातली. मग त्या बाईला दोन पोरंही दिली. लोकांना काय, तोंडाला कर नाही.

आउरिस्तेलाने दुसरं लग्न केलं नाही. पळपुट्याची बायको कोण करणार, आणि विधवा म्हणावं तर कागद नाही.

पहाटेचं लिहायचं राहिलं.

१६ जुलै, रविवार

जहाज दाखवायला नेलं. राखाडी, लांबलचक, आतून दवाखान्यासारखं. बॉयलरच नाही. मी विचारलं, उष्णता कुठून येते, तर एका पोरीने बटणं दाखवली.

पहिली पिदेन लाकडाची होती. जुन्या लढाईत अकरा माणसांसकट गेली. दुसरी आमची, लोखंडी, हट्टी, धुराने काळी. पिदेन म्हणजे दलदलीतला पक्षी. तो ओरडला की पाऊस येतो म्हणतात. लढाऊ जहाजाला असलं नाव कुणी दिलं देव जाणे. पण एकदा दिलं की सुटत नाही. जहाज बुडतं, भंगारात जातं, नाव पुढच्या जहाजाच्या बोडक्यावर बसतं. आणि नावाबरोबर मेलेल्यांची यादी येते.

ही रीत दुसऱ्या कुठल्या जहाजावर नाही, फक्त पिदेनवर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डेकवर यादी वाचतात. बुडालेल्यांपैकी एकेक जण हल्लीच्या एकेका नाविकाला वाटून दिलेला असतो. नाव वाचलं की त्याने त्याच्यातर्फे ओरडायचं, "हजर!" मी आमच्या पिदेनवर चढलो तेव्हा मला बेलिसारिओ तोरो मिळाला होता, पहिल्या पिदेनचा कोळसेवाला. दोन वर्षं मी त्याच्यातर्फे हजर होतो. कोण होता, दिसायला कसा, काही माहीत नाही. पण त्याच्या नावाला घसा बसलेला चालायचा नाही.

सार्जंट रुमिनो म्हणून पन्नाशीचा डेकमास्तर आहे, मान म्हणून नाहीच असा. नव्या पोरांना नावं त्यानेच वाटली. भिंतीवरची यादी त्याने मला दाखवली. पहिल्या पिदेनचे अकरा, आमचे एकोणीस. तीस.

मी म्हटलं, "आणि एखादं राहून गेलं असेल तर?"

"तर राहिलं," रुमिनो म्हणाला. "यादी नव्या जहाजावर चढते तेव्हाच काय तो बदल. सात तारखेला वाचली की मग हात लावायचा नाही. थेट चौथी पिदेन येईल तेव्हा."

"चौथी कधी येईल?"

"ही तीस वर्षं तरी चालेल, डॉन अनाक्लेतो. का, घाई आहे?"

हसला. मीही हसलो. हसताना दात दुखला.

१७ जुलै, सोमवार

लिहायला बसलो. 'लाटा फार मोठ्या होत्या' असं लिहिलं. पान फाडलं. लाटा मोठ्या असतात हे कोणाला माहीत नाही?

२२ जुलै, शनिवार

आउरिस्तेला स्वतः खाली उतरून आली. सत्तरी उलटली तरी पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावत नाही. गरम पुऱ्या रुमालात बांधून आणल्या होत्या.

"अनाक्लेतो, सात तारखेला मला आत सोडतील का रे?"

"कशाला? गर्दीत धक्के खायला?"

"नावं ऐकायला."

"पेपरात छापून येतील."

"वाचायची नाहीत. ऐकायचीत." माझ्या खुर्चीवर बसली, मला उभं ठेवून. "एकावन्न वर्षं मी त्या धक्क्याकडे फिरकले नाही. लोक म्हणायचे, बघा, एकोणीस मर्द मेले आणि हिचा अर्जेंटिनात मांस भाजतोय. आता म्हातारी झाले. त्याच्या नावाशिवाय ती यादी कशी वाटते ते एकदा ऐकते आणि मोकळी होते."

मी म्हटलं, बघतो.

"तुला काय रे बघायचं? तू तर व्यासपीठावर असशील."

ती गेल्यावर पुऱ्या खाल्ल्या नाहीत. शेजारच्या कुत्र्याला घातल्या. चांगल्या होत्या, तरी.

२३ जुलै, रविवार

बरं. लिहितो. एकदाच लिहीन आणि वळून वाचणार नाही.

सहा ऑगस्ट, एकोणीसशे सहासष्ट. शनिवार. रजा नेमेसिओची होती, पाळी माझी. शिडीजवळ लाकडी फळी असायची. तिच्यावर प्रत्येकाचा पितळी बिल्ला, नंबर कोरलेला. किनाऱ्यावर जाताना आपला बिल्ला उलटा करायचा, आल्यावर सुलटा. अधिकारी माणसं मोजत नसत, बिल्ले मोजत.

खालच्या लोकांत अदलाबदल सर्रास चालायची. तोंडी. परवानगी मागायला गेलं तर तीन सह्या आणि एक व्याख्यान. मला त्या शनिवारी नाच होता. एल्बा यायची होती, म्हणजे नेलिदाची आई. मी नेमेसिओला म्हटलं, "तुझा शनिवार मला दे." तो म्हणाला, "घे. उद्या आठपर्यंत परत ये, मग तुझा रविवार माझा. आउरिस्तेलाला घेऊन सासूकडे जायचंय." एवढंच बोलणं झालं. तो मोजे वाळत घालत होता. मी त्याचा बिल्ला उलटा केला आणि उतरलो. माझा सुलटाच राहिला.

पहाटे वादळात एक मासेमारीची होडी हरवली म्हणून पिदेनला बाहेर काढलं. मला पत्ता नाही. मी एल्बाच्या मावशीच्या घरी बाकावर झोपलेला. भोंगा वाजला तेव्हा उजाडत होतं. मासळीच्या ट्रकवर लटकून टेकडीपलीकडे गेलो. जहाज खडकांत आडवं पडलेलं. लोक दोर टाकत होते. मीही पाण्यात शिरलो. चौघांना ओढलं, त्यातले दोन जिवंत. हे खरं आहे. हे कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

मग कुणीतरी माझ्यावर घोंगडी टाकली. वाचलेल्यांच्या रांगेत बसवलं. एक हवालदार कागद घेऊन आला. "नाव?" मी सांगितलं. "जिवंत," त्याने लिहिलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं, 'मी जहाजावर नव्हतो.' पण पाळी सोडली आणि जहाज निघून गेलं म्हणजे तुरुंग. मलाही, जागा दिली म्हणून नेमेसिओलाही. वाटलं, तो सापडू दे. दोघं मिळून काहीतरी सांगू.

बॉयलरजवळचे तिघेही वर आले नाहीत. दोघांची प्रेतं मिळाली. तिसरा कागदावर मीच होतो, आणि मी तर घोंगडीत बसून सूप पीत होतो.

चौथ्या दिवशी नेमेसिओला पळपुटा ठरवलं. मी म्हटलं, महिनाभरात बोलू, जरा शांत होऊ दे. महिनाभराने मला पदक दिलं. पदक घेतल्यावर कसं बोलणार. मग लग्न. मग नेलिदा. मग दर वर्षी शाळेत भाषण, पोरं टाळ्या वाजवतात. उशीर झाला की अजून उशीर करणं सोपं जातं. वाचलेल्यांपैकी दोघातिघांना शंका असावी. बोलले नाहीत. नाविक नाविकाची चहाडी करत नाही. आता तेही गेले.

झालं. चहा गार झाला.

२५ जुलै, मंगळवार

ती पानं फाडून लेफ्टनंट ओसांदोनला नेऊन दिली. कागद देणं बरं. तोंडाने सांगावं लागत नाही.

त्याने दोनदा वाचलं. कान लाल झाले. दार लावून आला.

"डॉन अनाक्लेतो, तुमचं वय बघता, आठवणीत गफलत..."

"वयाचं मला सांगू नका. मी वेडा झालो तर मुलगी कळवेल तुम्हाला."

"समजा, हे खरं आहे..."

"समजा कशाला? लिहिलंय ते."

मग तो आरमारासारखं बोलायला लागला. फाइल उघडावी लागेल. साक्षीदार नाही. पळपुटा हा शेरा काढायला राजधानीतून हुकूम लागतो. वर्ष लागेल, दोन लागतील. यादी वरून मंजूर होऊन आली आहे, तीस नावं. तेरा दिवसांवर समारंभ. अॅडमिरल येणार.

"दोन वर्षांनी नाव घालाल?"

"यादी एकदा वाचली गेली की रीतीप्रमाणे..."

"चौथ्या पिदेनपर्यंत नाही. माहितीय मला."

त्याने बिचाऱ्याने पानं एका फाइलीखाली सरकवली. वाईट माणूस नाही. पण वाईट नसलेली माणसं फाइलीच्या आड फार सोयीने बसतात. मी बसलोच होतो की, पदकाच्या आड.

जाताना म्हणाला, "तुम्ही व्यासपीठावर... आता मला वाटतं..."

"नाही बसत. तब्येत बिघडली म्हणून सांगा."

"हे बाहेर बोलू नका, एवढीच विनंती."

ते मी कबूल केलं नाही.

२९ जुलै, शनिवार

नेलिदाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलणं थांबलं नाही, साल जाड निघायला लागली.

"म्हणजे शाळेत मला दर वर्षी पहिल्या रांगेत बसवायचे ते...?"

"हो."

"मी निबंध लिहिला होता तुझ्यावर. बक्षीस मिळालं. डबा मिळाला होता, निळा."

"माहीत आहे."

"त्या शनिवारी तू आईबरोबर नाचत होतास?"

"हो."

"आईला माहीत होतं?"

"होतं. ती म्हणायची सांग. मग म्हणेनाशी झाली."

नेलिदाने चार बटाटे नुसते मधोमध चिरून ठेवले. म्हणाली, "तू नाचायला गेला नसतास तर मी नाही. आणि गेलास तर तो नाही. छान. आता मी रागावू कुठल्या तोंडाने?"

मी म्हटलं, "रागाव. त्यात तोंड कसलं."

"गप्प बस, बाबा."

जेवण वाढलं आणि ती स्वयंपाकघरात उभ्याने जेवली.

३० जुलै, रविवार

आउरिस्तेलाकडे गेलो. त्र्याहत्तर पायऱ्या. वर पोचेपर्यंत सगळं पाठ केलं होतं, तिथे गेल्यावर उलटं बोलत सुटलो. आधी बिल्ला, मग नाच, मग बॉयलर. ती कढईजवळ बसलेली. झाऱ्या हातात. एकदा विचारलं, "म्हणजे तो आत होता?"

"आत होता. माझ्या जागेवर."

"पळाला नाही."

"नाही."

"कुणी बाई नव्हती."

"बाई तू. दुसरी कुठली आणणार तो, तोंडातून शब्द निघायचा नाही त्याच्या."

हसली. चक्क हसली. मग कढईतल्या पुऱ्या करपल्या तरी काढल्या नाहीत.

"त्या रविवारी मी टोपी घालून बसले होते," म्हणाली. "संध्याकाळपर्यंत. शनिवारी आला नाही तर म्हटलं दोस्तांत रमला असेल, आईकडे जायला येईलच. जहाज बुडाल्याची बोंब झाली, बायका धावत सुटल्या, मी म्हटलं, माझा तर रजेवर आहे, माझा सुखरूप आहे. मी देवाचे आभार मानले, अनाक्लेतो. एकोणीस घरांत रडारड आणि मी मेणबत्ती लावून आभार मानत होते. आणि आला नाही तेव्हा त्याला शिव्या घातल्या. एकावन्न वर्षं. रोज नाही. रविवारी. त्या आता परत कशा घेऊ?"

तिने कढईखालचा गॅस बंद केला.

"फोटो जाळले त्याचे. एक नाही ठेवला. चेहरा विसरले रे त्याचा. तुझ्यामुळे."

"हो."

"हो काय हो! वर ये नाहीतर खाली जा, हो म्हणत उभा राहू नकोस दारात."

मी आत गेलो नाही. खालीही गेलो नाही.

मग ती छपराकडे बघायला लागली. "आणि हे पत्रे? गॅसची टाकी? एल्बा गेल्यावर दर गुरुवारी येतोस ते? ते सगळं त्याच्यासाठी?"

"त्याचं काम होतं ते. तो असता तर त्याने केलं असतं."

"मला वाटलं माझ्यासाठी करतोस."

एवढं म्हणाली आणि झाऱ्या भिंतीवर फेकला. नवऱ्याचं ऐकून फेकला नव्हता, हे ऐकून फेकला. बायकांचं मला कळत नाही. पत्रा ठोकला तर ठोकला, कोणासाठी त्याला काय.

निघताना म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात सांगून काय उपयोग? त्याचं नाव जिथे घेतलं गेलं नाही तिथे सांग. आणि माझ्या छपरावर पुन्हा चढू नकोस."

१ ऑगस्ट, मंगळवार

सार्जंट रुमिनो घरी आला. गणवेश नाही, लोकरीची टोपी. बसला नाही.

"लेफ्टनंटने मला पानं दाखवली. दाखवायला नको होती. दाखवली."

"बरं."

"एक विचारायचंय. तो खालीच होता, याची खात्री?"

"मी जागा सोडली, त्याने घेतली. जागा सोडून जाणारा तो नव्हता. तो मी."

रुमिनो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. एखादा गंजलेला खिळा उपटावा का ठोकावा असं बघतात तसं.

"पूर्ण नाव?"

"नेमेसिओ सेगुंदो वेंचुल कार्देनास. स्टोकर, दुसरा वर्ग."

"सेगुंदो?"

"हो, दुसरा. बापाचंही नाव नेमेसिओ होतं."

टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाला, "माझे वडील पण स्टोकर होते, बॉयलरवरच. वेगळ्या जहाजावर." आणि गेला. चहा नको म्हणाला. कशाला आला होता कुणास ठाऊक. फाइलीसाठी असेल.

४ ऑगस्ट, शुक्रवार

टेकडीला कळलं. मी दोन ठिकाणी सांगितलं, बाकीचं पायऱ्यांनी केलं. पाववाल्याने पाव दिला, पण नेहमीसारखं "या, कॅप्टन" म्हणाला नाही. मला ते कधी आवडायचं नाही, तरी कानाला कळलं. शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला, यंदा भाषण नको. एका जुन्या नाविकाच्या मुलाने माझ्या दारात थुंकलं, नीट नेम धरून. धुवून टाकलं.

पदक लेफ्टनंटकडे परत पाठवलं. त्याने पोच पाठवली, दोन शिक्के मारून.

व्यासपीठाची दोन आमंत्रणपत्रं अजून घरात आहेत. एक माझं, एक नेलिदाचं. फाडायला घेतली तर नेलिदाने हातातून ओढून घेतली. सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली: "दे इकडे."

७ ऑगस्ट, सोमवार

पाऊस नव्हता. वारा मात्र टोपी उडवणारा.

मी धक्क्याच्या कठड्याबाहेर उभा, साध्या लोकांत. बाजूचे थोडे सरकले. ऐसपैस जागा मिळाली. आत खुर्च्या, तुताऱ्या, अॅडमिरल. पाद्री लांबवत होता. मग बघतो तर नेलिदा आत शिरतेय, तिच्या हाताला आउरिस्तेला. टोपी घातलेली. माझ्या नावाचं पत्र नेलिदाने पहारेकऱ्याच्या नाकापुढे धरलं. तो काहीतरी बोलायला गेला. नेलिदाने त्याला कारखान्यात बायकांना गप्प करते तसं एका बोटाने गप्प केलं. दोघी व्यासपीठावर जाऊन बसल्या, आरमारातल्या बायकांच्या मधोमध. आउरिस्तेला अॅडमिरलकडे एकदाही बघेना. जहाजाकडेही नाही. बुटांकडे बघत होती.

डेकवर नाविक रांगेत. रुमिनो यादी घेऊन पुढे आला. आधी पहिल्या पिदेनचे अकरा. बेलिसारिओ तोरोचं नाव आलं तेव्हा माझं तोंड उघडलं होतं, पण एका पोरीने माझ्याआधी "हजर!" म्हटलं. खणखणीत. बरं वाटलं. मग आमचे. एकेक नाव, एकेक आवाज. मी मोजत होतो. सतरा. अठरा. एकोणीस. एकोणिसावा झाला आणि तुतारीवाल्याने तुतारी तोंडाला लावली.

रुमिनोने यादी मिटली. आणि न बघता वाचलं:

"नेमेसिओ सेगुंदो वेंचुल कार्देनास. स्टोकर, दुसरा वर्ग."

कुणी बोलेना. कोण बोलणार, हे नाव कुणाला वाटून दिलेलंच नव्हतं. पोरं एकमेकांकडे डोळे फिरवत होती, मान न हलवता. लेफ्टनंट ओसांदोन पांढरा. अॅडमिरलने आपल्या हातातला कागद उलटा करून बघितला, मागे काही छापलंय का. वाऱ्याने दोर आपटत होते तेवढेच.

वाचणारा उत्तर देत नाही. अशी रीत आहे. वाचणाऱ्याला मेलेला दिलेला नसतो, त्याचा आवाज सगळ्यांना लागतो म्हणून.

रुमिनोने टाचा जुळवल्या. समुद्राकडे तोंड केलं आणि ओरडला, "हजर!"

असा ओरडला की पलीकडच्या धक्क्यावरचे पक्षी उडाले. मग तुतारीवाला घाईघाईने वाजवायला लागला, पहिला सूर चुकला.

वाचलं गेलं ते गेलं. आता हात लावायचा नाही. त्यांचीच रीत. लेफ्टनंटने अॅडमिरलच्या कानात काहीतरी सांगितलं, बराच वेळ. अॅडमिरलने मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, इथून दिसलं नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

रुमिनोला दहा दिवस जहाजावर अडकवून ठेवलंय, बाहेर पडायचं नाही. हुकमाबाहेर वाचल्याबद्दल. लेफ्टनंटने कळवलं. यादीचं काय, विचारलं, तर म्हणाला, "एकतीस नावं वाचली गेली अशी नोंद वहीत झाली आहे. नोंद मी केली." पोरगा सुधारेल.

काल समारंभ संपल्यावर आउरिस्तेला कठड्याशी आली होती. नेलिदाला मागे थांबवून. ती आत, मी बाहेर, मध्ये लोखंडी गज. माझ्याशी बोलली. दोन वाक्यं असतील, नाहीतर तीन. नेलिदा काल रात्रीपासून विचारतेय, काय म्हणाली, माफ केलं का, शिव्या दिल्या का. आज सकाळी पाववाल्यानेही विचारलं, पाव हातात धरून, देईचना.

ते त्या बाईचं आहे. काचेच्या पेटीत ठेवायचं नाही. मी सांगणार नाही, लिहिणारही नाही.